गप्प करणे व बरे करणे



रोग्याची तक्रार थांबली म्हणजे त्याचा रोग गेला, अशी आपणा सर्वांची सहज समजूत असते. मूल रडावयाचे थांबले, म्हातारा कण्हावयाचा थांबला, की घरची माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि ज्याने औषध दिले त्याचे आभार मानतात. परंतु रडणे व कण्हणे ही रोगाची बातमी होय, आणि बातमी आणणाऱ्याचे तोंड बांधल्याने संकट टळत नाही. हा भेद मला पुस्तकांत वाचून ठाऊक होता. तो खरोखर कळला तो दोन वर्षांमागे ऊसतोडीच्या हंगामात, आणि तोही माझ्याच चुकीतून. ती चूक सांगितल्यावाचून ह्या विषयावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून प्रथम तीच सांगतो.

दिवाळी उलटली की कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि बीड वगैरे दुष्काळी मुलखांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या आमच्याकडे येतात. पंचगंगेच्या काठी आमच्या गावाबाहेर दरवर्षी त्यांच्या खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. आणि ज्या दिवशी कोयता फडात गेला नाही त्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापले जातात. अशा एका खोपीतील आठ महिन्यांच्या मुलास जुलाब लागले होते. दोन दिवस आई त्यास घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या खोपीतील बाईने आपल्याजवळची एक गोळी काढून मोडली, आणि तिचा अर्धा भाग पाण्यात कालवून आईने मुलास पाजला. काही वेळाने जुलाब थांबले, मूल निजले, आणि आई निश्चिंत होऊन फडात गेली.

दुपारी परत येऊन पाहते तो मूल तसेच निजलेले. हलविले तरी डोळे उघडीना. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले. आणि श्वास इतक्या लांब अंतराने येत होता की एक आल्यावर दुसरा येतो की नाही याची वाट पाहावी लागे. मला बोलावणे आले. दूध नेणाऱ्या एका टेम्पोतून आम्ही मुलास सरकारी इस्पितळात नेले. डॉक्टरांनी उतारा टोचला, आणि मूल रडू लागल्यावरही त्यास दोन दिवस घरी सोडले नाही. कारण ह्या औषधाचा अंमल उतरल्यासारखा वाटून कित्येक तासांनी पुन्हा चढतो, असे त्यांनी सांगितले. देवाच्या दयेने मूल वाचले.

इस्पितळाच्या ओसरीवर ती आई मला म्हणाली, "साहेब, लेकराला मारायसाठी का दिली म्या गोळी? ते रडायचं थांबल्याबिगर मला फडात जाता येईना. दोन दिस खाडा झाला. म्या काय वाईट केलं ते सांगा."

मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी पाहावयास मागितली होती, आणि शेजारणीने जी पुढे केली ती मी ओळखली होती. महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्यास जुलाब झाले असता माझ्या औषधांच्या पेटीतून ती मीच दिली होती. दोन-चार गोळ्यांचे काम असता मी अख्खी पट्टी दिली. लहान मुलांस देऊ नये हे सांगितले नाही. उरलेल्या गोळ्यांचे काय होईल याचा विचार केला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून असले औषध वाटण्याचा मला अधिकारच नव्हता. पण "पाळकसाहेबांच्या हाताला गुण आहे" असे लोक म्हणत, आणि ते ऐकावयास मला गोड वाटे.

ती आई काय विचारीत होती, याचा त्या दिवसापासून मी पुष्कळ विचार केला आहे. उपदेशक, शाळामास्तर, बायबल स्त्रिया व गावोगावचे पुढारी यांच्याजवळही औषधांची लहानमोठी पेटी असतेच. म्हणून तो विचार त्यांच्यापुढे मांडतो.

आधी त्या गोळीत काय होते ते पाहू. ती डायफेनॉक्सिलेट नावाच्या औषधाची होती. लोमोटिल या नावाने ते काहींच्या कानावर असेल. तिच्या वेष्टनावर अफूचे नाव नसते, तथापि तिची सोयरीक अफूशीच आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडास चीर दिली असता जो चीक निघतो तो वाळवून अफू होते. ती वेदना शमविते, गुंगी आणते आणि पोट बांधते, हे आपल्या आजीपणजीस ठाऊक होते. सुमारे १८०५ साली सेर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने तिच्यातील मुख्य सत्त्व, म्हणजे मॉर्फीन, वेगळे काढले. तरी एकच वस्तू डोके जड करून पोटही का बांधते, हे नीट उमगावयास पुष्कळ काळ गेला. १९७३ साली मेंदूत अशी जणू कुलुपे सापडली की ज्यांत अफूची किल्ली बरोबर बसते. आणि तशीच कुलुपे आतड्यांच्या भिंतींतील मज्जातंतूंतही आहेत असे दिसून आले. म्हणून अफू शिरली की आतड्यांची चाल मंद होते, आणि त्याच वेळी मेंदूतील जे केंद्र आपणास न सांगता रात्रंदिवस श्वास घेववीत असते तेही मंद होते.

पोटाच्या औषधात अफू घालण्याची रीत जुनी आहे. जॉन कॉलिस ब्राउन नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टराने हिंदुस्थानात नोकरीवर असताना १८४८ च्या सुमारास पटकीवर क्लोरोडाइन नावाचे औषध बनविले. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क व क्लोरोफॉर्म ही होती. त्याची बाटली पुढे कित्येक घरांच्या फडताळांत जाऊन बसली. जुलाबासाठी म्हणून घेतलेली बाटली जुलाब गेल्यावरही सुटेना, असे पुष्कळांचे झाले, आणि त्यापायी काहींचे प्राणही गेले.

हा दोष काढून टाकावा या हेतूने बेल्जियम देशात पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५६ साली डायफेनॉक्सिलेट तयार झाले. अफूचा पोट बांधण्याचा गुण ठेवावा व धुंदीचा गुण कमी करावा, अशी ती खटपट होती. ती काही अंशी साधली, पण पुरती साधली नाही. कारण औषध जास्त घेतले की धुंदी येतेच. यास्तव गोळीत अट्रोपीन नावाचे दुसरे द्रव्य मुद्दाम अत्यल्प घालण्यात आले. धोतऱ्याच्या बियांतील विषाचा जो जातभाई तोच हा. नेमलेल्या मात्रेत त्याचा उपद्रव सहसा जाणवत नाही. परंतु कोणी धुंदीसाठी मूठभर गोळ्या घेतल्या तर तोंडास कोरड पडावी, डोळ्यांपुढे धुके यावे, छाती धडधडावी, लघवी अडावी आणि त्या भीतीने त्याने हात आवरावा, अशी ती योजना. १९६९ साली त्याच प्रयोगशाळेत लोपेरामाइड निघाले. हे नेमलेल्या मात्रेत मेंदूत जवळजवळ शिरत नाही. मेंदूच्या वेशीवरील पहारेकरी त्यास बाहेर हाकलतात.

वाचकहो, मनुष्याच्या बुद्धीने येथे कुंपणावर कुंपण घातले आहे. तरीही मनुष्याच्या दुःखाने व वासनेने ती ओलांडलीच. अफू किंवा तिच्या जातीची नशा लागलेली, पण ती मिळेनाशी झालेली माणसे ह्या पोटाच्या गोळ्यांकडे वळली. आपल्या देशात चंदीगडकडील व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी डायफेनॉक्सिलेटच्या आहारी गेलेल्या रोग्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. लोपेरामाइडविषयी अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यास २०१६ साली जाहीर इशारा द्यावा लागला की, हे औषध बेसुमार घेतल्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येतो. जे औषध दुकानात सहज मिळते ते निरुपद्रवीच असले पाहिजे, अशी त्या माणसांची समजूत होती, आणि तिच्यापायी कित्येकांनी प्राण गमावले.

ह्या व्यसनात एक विशेष कपट आहे. ते उपदेशकांनी ओळखून ठेवावे. अफूच्या जातीचे कोणतेही औषध फार दिवस घेऊन एकाएकी बंद केले म्हणजे अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, जांभयांवर जांभया येतात, झोप उडते आणि जुलाब लागतात. आता ज्याने मुळात जुलाबासाठीच गोळी धरली होती त्यास काय वाटेल? माझा जुना आजार उलटला, मला गोळीवाचून चालत नाही, असेच वाटेल, आणि तो पुन्हा गोळी घेईल. जो आजार औषधाने उत्पन्न केला त्यावर तेच औषध उपाय म्हणून पुढे येते. असा मनुष्य स्वतःस व्यसनी समजत नाही, रोगी समजतो. आणि आपणही त्याची कीव करून त्यास आणखी एक पट्टी देतो. त्यास रागावून काही उपयोग नाही. व्यसनाचा उपचार करणारे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे त्याच्याबरोबर चालत जाणे हेच खरे साहाय्य.

मोठ्या माणसाची ही गत, तर तान्ह्या मुलाची काय सांगावी? १९९० साली पाकिस्तानात लोपेरामाइडच्या बालकांसाठीच्या औषधाने आतडी लुळी पडून तान्ही मुले दगावल्याचे उघडकीस आले, आणि मुलांसाठीचे ते प्रकार तेथे बंद करण्यात आले. आपल्या देशातही डायफेनॉक्सिलेट, लोपेरामाइड व अट्रोपीन ही द्रव्ये असलेली जुलाबाची औषधे मुलांसाठी बनविण्यास व विकण्यास सरकारची मनाई आहे. मोठ्यांसाठीही डायफेनॉक्सिलेट हे, देणाऱ्या डॉक्टरचे व घेणाऱ्या रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहूनच दुकानदाराने विकावे, असा नियम १ मार्च २०१४ पासून अंमलात आला. परंतु कायद्याची वही दुकानापर्यंत पोहोचते. पाळकाची पेटी व शेजारणीची गाठोडी येथपर्यंत तिचा हात जात नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धीच पहारेकरी.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्न तिने नव्याने विचारला असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया शंभर वर्षांपूर्वी हेच करीत असत. अफू घातलेल्या बारीक गोळ्या, ज्यांस बाळागोळी म्हणत, त्या मुलास देऊन त्या त्यास चाळीतील खोलीत निजवून जात. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी सरकारच्या वतीने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली, तेव्हा कामकरी स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच तान्ह्या मुलांस अफू दिली जात असल्याचे त्यांस आढळून आले. मूल रडत नसे, म्हणून दूध मागत नसे. मागत नसे, म्हणून वाळत जाई. त्या माता निर्दय होत्या काय? भोंगा होण्यापूर्वी ज्यांस गिरणीच्या दारात उभे राहणे प्राप्त होते, ज्यांच्यामागे मुलास धरावयास कोणी नव्हते, आणि गिरणीत पाळणाघर नव्हते, त्यांस निर्दय म्हणणे हीच निर्दयता होय.

येथे दोन सोपी उत्तरे आपल्या जिभेवर येतात. एक असे की, हेतू शुद्ध होता, म्हणून दोष नाही. दुसरे असे की, कृत्याने मूल मरणाच्या दारी गेले, म्हणून आई दोषी. मला ही दोन्ही अपुरी वाटतात. हेतू शुद्ध असल्याने विषाचे अमृत होत नाही. आणि फळ वाईट आले एवढ्यावरून करणाराचे अंतःकरण वाईट होते असे ठरत नाही. दोषाचे माप ज्ञानाने व मोकळीकीने घ्यावे. ज्यास अधिक ठाऊक होते, त्याचा दोष अधिक. ज्यास दुसरे काही करण्याची मोकळीक होती, त्याचा दोष अधिक. ह्या मापाने मोजता आईचा वाटा सर्वांत लहान येतो, कारण तिला ठाऊकही नव्हते आणि मोकळीकही नव्हती. शेजारणीने दयेपोटी दिले; तिलाही ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि सांगण्याची मोकळीकही होती. मी सांगितले नाही. ज्या व्यवस्थेत आजारी मुलाजवळ बसलेल्या आईचा दिवस खाडा म्हणून कापला जातो, त्या व्यवस्थेचा वाटाही थोडा नाही. आणि त्या उसाची साखर तुम्ही-आम्ही सर्वच खातो. ह्या शेवटल्या वाक्याने माझा वाटा कमी होतो असे मात्र कोणी समजू नये. सर्वांवर वाटलेल्या दोषात आपला वाटा हरवून टाकणे ही मनाची जुनी युक्ती आहे.

मुंबईच्या त्या मातांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ अफूची निंदा करून त्यांची मुले सुटली नसती. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या व भत्त्याच्या बिलावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या बिलास पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर असावे असे ठरविले. डॉक्टरी कारणावाचून अफू खाण्यावर १९५९ साली देशभर बंदी आली. आईला रजा व मुलाला पाळणा मिळत नाही, तोवर अफूवरील बंदी कागदावरच राहते, कारण बंदीने अफू हिरावली तरी पहाटेचा भोंगा हिरावला जात नाही. मुलाचे रडणे ही एका दुःखाची बातमी होती, आणि आईने गोळी देणे ही दुसऱ्या दुःखाची बातमी होती. पहिली ऐकावयास आईने कान द्यावा असे आपण म्हणतो, तर दुसरी ऐकावयास आपण कान दिला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "तर मग वेदना शमविणे हे पापच काय? माणसाने विव्हळतच मरावे काय?" असे मी मुळीच म्हणत नाही. कर्करोगाने जर्जर झालेल्या मनुष्यास मॉर्फीन देणे ही शुद्ध दया आहे. उलट, अफूच्या भयानेही आपल्या हातून क्रूरता घडली आहे. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध जो कडक कायदा झाला, त्यातील परवान्यांच्या जाचामुळे असाध्य रोग्यांस मॉर्फीन मिळणे दुर्घट झाले. पुष्कळांनी शेवटचे दिवस टाळता येण्याजोग्या यातनांत काढले, आणि तो जाच कमी करण्यासाठी २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. तसेच धडधाकट प्रौढ मनुष्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, एखाद्या प्रवासाच्या दिवशी जुलाबाची गोळी घेतली, तर त्यात अनीती नाही. मग योग्य शमविणे कोणते आणि अयोग्य गप्प करणे कोणते, हे ओळखावे कसे?

मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत. पहिली, हे औषध कोणाच्या सुखासाठी आहे? रोग्याच्या, की त्याचे रडणे ज्यास ऐकवत नाही त्याच्या? दुसरी, तक्रारीचे कारण विचारले काय, की विचारण्याचा त्रास वाचावा म्हणूनच गोळी पुढे केली? तिसरी, औषध दिल्यावर त्याच्याजवळ जागत कोण बसणार? कर्करोगाच्या रोग्यास मॉर्फीन देणारा सुज्ञ डॉक्टर ह्या तिन्ही कसोट्यांस उतरतो. मी त्या शेजारणीच्या घरी दिलेली पट्टी एकीसही उतरत नाही. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण नेहमी सांगतो, आणि तेल व द्राक्षारस यांजवर थांबतो. परंतु त्याने जखमीस उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी वाहिली, पुढच्या खर्चाचे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले. तेल ओतणे क्षणाचे काम होते. खरी शुश्रूषा ती रात्र.

जुलाबाच्या बाबतीत तर जागत बसणे हेच औषध आहे. जुलाबात मनुष्य मरतो तो बहुतकरून अंगातील पाणी व मीठ निघून गेल्यामुळे. आतड्यांची चाल बांधून ठेवल्याने गेलेले पाणी परत येत नाही. उलट रोगाचे विष व जंतू आतच कोंडले जातात, आणि वरून मात्र सर्व शांत दिसते. गेलेले पाणी भरून काढण्याची युक्ती साधी आहे. साखर सोबत असली म्हणजे आतड्याची भिंत मीठ व पाणी आत ओढून घेते, आणि हे काम जुलाब चालू असतानाही थांबत नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे मरत होती, आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांस पेल्याने पाजावयास लावले. शंभरांत तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारांच्याही खाली आले. २०२२ साली ते वारले, आणि पुढील वर्षी सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्या छावणीत रोग्यांस वाचविले ते रात्रभर घोट घोट पाजीत बसलेल्या आई-बापांच्या व भावंडांच्या हातांनी.

हे प्रत्येक घरी करता येते. दवाखान्यात व आशाताईंजवळ ओआरएसची पुडी मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक होऊ देऊ नये. चमच्या-चमच्याने, प्रत्येक जुलाबानंतर पाजावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध व जेवण तोडू नये. मुलांस डॉक्टर जस्ताच्या गोळ्याही देतात; त्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्या. शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल पिईनासे झाले किंवा पोट फुगले, तर घरी बसू नये. आणि हे विशेष लक्षात ठेवा : आजारी मूल निजले म्हणजे त्यास हाक मारून पाहावी. बरे होत असलेले मूल हाकेने जागे होते व पाणी मागते. जे जागे होत नाही ते निजलेले नाही, बुडत आहे. त्यास तत्काळ इस्पितळात न्यावे, आणि कोणती गोळी दिली ते डॉक्टरांस न लपविता सांगावे. लाजेपोटी लपविलेली गोळी मुलाच्या जिवावर बेतते.

शेवटी, ज्यांच्यावर लोकांचे समाधान करण्याचे काम सोपविले आहे त्या माझ्या बंधूंस एक सांगावयाचे आहे. आपल्या शब्दांतही अशा गोळ्या असतात. विधवा आपल्या दिरांनी बळकावलेल्या जमिनीची तक्रार सांगते, आणि आपण म्हणतो, "बाई, सोसा, प्रार्थना करा." तरुण मुलगा बापाच्या दारूविषयी बोलू लागतो, आणि आपण त्यास आईबापांचा मान राखण्याचा पाठ देतो. ती माणसे गप्प होतात, आपले आभार मानून घरी जातात, आणि आपणास वाटते की आज एका जिवास शांती दिली. धर्म ही अफू आहे असे जे म्हणतात त्यांजवर आपण रागावतो. परंतु ज्या दिवशी आपण दुःखाचे कारण न विचारता केवळ तोंड बंद केले, त्या दिवशी त्यांस पुरावा आपणच दिला. वरील तीन कसोट्या सांत्वनासही लावून पाहाव्या.

त्या हंगामानंतर मी माझी पेटी एका डॉक्टरांपुढे उघडी केली. त्यांनी निम्म्याहून अधिक औषधे काढून टाकली. आता तीत ओआरएसच्या पुड्या, पट्ट्या बांधण्याचे सामान व थर्मामीटर एवढेच असते. लोक पूर्वीप्रमाणे माझ्या हाताच्या गुणाची स्तुती करीत नाहीत, आणि ते बरेच आहे. मंडळीच्या सभेत मी ही हकीकत सांगितली, तेव्हा दोन वृद्ध बहिणी उठल्या आणि म्हणाल्या, "आम्हांस आता शेतात काम होत नाही, पण पोरं धरायला होतील." गेल्या हंगामात पहाटे पाचपासून प्रार्थनामंदिराच्या पडवीत खोपींतील सात-आठ मुले असत. ती पुष्कळ रडत. रविवारी कधी कधी माझा उपदेशही त्या रडण्यात ऐकू येत नसे, आणि कोणी तक्रार करीत नसे.

त्या आईस मी दुसऱ्या हंगामात भेटलो आणि तिच्या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडले होते ते दिले. "बाई, तुम्ही वाईट केले नाही, तुमच्या हाती वाईट वस्तू मी दिली." तिने थोडा वेळ विचार केला, आणि विचारले, "मग आता काय द्यायचं, ते तरी नीट सांगा." मी तिच्या खोपीत बसलो, चमचा मागितला, आणि मीठ-साखरेचे माप तिला दाखविले. तिने ते तीनदा माझ्यासमोर करून दाखविल्यावर मी उठलो. हे मला त्याआधीच्या वर्षी करावयास अर्धा तासही लागला नसता.